पण त्या पोरानं केलं काय होतं?

आई परातीत शेंगा घेऊन फोडत बसली होती आणि मी तिला तिकडच्या शेंगांचं कौतुक सांगत होतो. ताई राहते ते टॅलाहसी म्हणजे फ्लोरिडाचा अगदी वरचा भाग, फोटोत दिसतो तो बीच-बिच तिथून लांब, आणि तिथून हायवेनं पश्चिमेला निघालं की तासाभरात मेरियाना नावाचं गाव येतं. सगळा पट्टा कापूस आणि भुईमुगाचा. रस्त्याकडेला पत्र्याचं शेड टाकून लोक मोठ्या भांड्यात मिठाच्या पाण्यात शेंगा उकडत बसलेले असतात, हातानं रंगवलेला 'बॉइल्ड पीनट्स' असा बोर्ड, आणि वाफाळत्या ओल्या शेंगा पिशवीत भरून देतात, खाताना खारट पाणी पार कोपरापर्यंत ओघळतं. आई म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच की रे." मग त्याच ओघात मी तिला त्या गावातल्या मुलांच्या सुधारगृहाचं सांगायला लागलो, जे आता बंद पडलंय, आणि जॉर्ज ओवेन स्मिथ नावाच्या १४ वर्षांच्या मुलाचं, जो १९४० साली तिथे गेला तो घरी परत आलाच नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं. हातातली शेंग फोडली, दाणे परातीत टाकले, फोलपटं बाजूला सारली आणि विचारलं, "पण त्या पोरानं केलं काय होतं?"

चोरीच्या गाडीत सापडला होता, मी म्हटलं.

"हं," आई म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

आता त्या 'हं'मध्ये दुष्टपणा काही नव्हता. आई जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवत आली, डबा न आणणाऱ्या पोरांना स्वतःच्या डब्यातली पोळी देणारी बाई आहे ती, आणि गरज पडली तर हातावर पट्टी मारणारी पण. तिनं विचारलं ते कुणीही विचारेल. मी स्वतः ती सगळी हकिकत पहिल्यांदा वाचली तेव्हा माझी नजर पण आधी तेच शोधत होती, की बाबा याला आत टाकला कशासाठी. आणि उत्तर 'काहीच केलं नव्हतं' असं आलं की आपल्याला कसं लगेच रडू येतं, आणि 'गाडी चोरली' असं आलं की रडू जरा थांबतं, हिशोब करायला लागतं. हे जे थांबणं आहे ना, त्यानं मला तेव्हापासून छळलंय. कारण त्या शाळेची अख्खी इमारत त्या थांबण्यावरच उभी होती असं मला वाटायला लागलंय.

१ जानेवारी १९०० ला ती उघडली. नावं बदलत गेली, रिफॉर्म स्कूल, मग इंडस्ट्रियल स्कूल, मग फ्लोरिडा स्कूल फॉर बॉइज, आणि शेवटी एका जुन्या सुपरिटेंडेंटच्या नावानं डोझिअर स्कूल. १,४०० एकरांचा पसारा, पाइनची झाडं, हिरवळ, एका काळात अख्ख्या अमेरिकेतलं सगळ्यात मोठं सुधारगृह. उघडून तीन वर्षं होतायत तोच, १९०३ मध्ये, सरकारी कमिटी पाहणीला गेली तर पोरं पायात बेड्या घातलेली आढळली. १९०३! म्हणजे 'आम्हाला माहीतच नव्हतं' ही सोय तेव्हाच संपलेली होती, आणि तरी शाळा पुढे १०८ वर्षं चालली. मध्ये १९१४ ला वसतिगृहाला आग लागून मुलं मेली, १९१८ च्या साथीत मेली, दरवेळी चौकशी झाली, दरवेळी सुधारणा सुचवल्या गेल्या. आणि आत कोण होतं म्हणाल तर खरे गुन्हे केलेली थोडी होतीच, पण बाकी कोण? शाळा बुडवणारी, घरातून पळालेली, सिगरेट ओढताना सापडलेली, आणि कागदावर 'आवरत नाही' एवढंच लिहिलेली. काही तर नुसती अनाथ, त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांना ठेवायला दुसरी जागा नव्हती.

आणि हे सगळं दोनदा होतं. रस्त्याच्या दक्षिणेला गोऱ्या मुलांची बाजू, ती नंबर एक. उत्तरेला काळ्या मुलांची, ती नंबर दोन. जेवण वेगळं, झोपायचं वेगळं, वर्ग वेगळे, आणि काम तर वेगळंच. गोऱ्या पोरांना छापखान्यासारखी कामं, सरकारी कागद तिथे छापले जायचे, म्हणजे निदान बाहेर पडल्यावर हातात काहीतरी कसब. काळी पोरं शेतात. ऊस, कापूस, मका, लाकूडतोड. ज्यांच्या आज्यांनी त्याच पट्ट्यात गुलाम म्हणून कापूस वेचला त्यांच्या नातवांना सरकार 'सुधारण्यासाठी' परत कापूस वेचायला लावत होतं आणि याला प्रशिक्षण म्हणत होतं. गुलामगिरी कायद्यानं जाऊन तेव्हा ३५-४० वर्षं झालेली. शाळेच्या सुरुवातीच्या काळात तर पोरांना मजुरीसाठी बाहेर भाड्यानं पण दिलं जायचं. मग जेवढी जास्त पोरं 'न आवरणारी' ठरतील तेवढे जास्त हात, हे न कळायला कुणी अर्थशास्त्रज्ञ व्हायला नको. नाताळ आला की हीच पोरं आवारात दिव्यांची, चित्रांची मोठी आरास करायची आणि पंचक्रोशीतली कुटुंबं गाड्या घेऊन बघायला यायची. मुलांना मागच्या सीटवर बसवून, काच खाली करून. मला ते चित्र राहून राहून दिसतं, कारण मी पण कुणाच्या तरी गाडीत मागच्या सीटवर बसूनच तिथून गेलो, आणि माझ्या मांडीवर शेंगांची पिशवी होती.

त्या आवारात एक छोटी काँक्रीटची इमारत आहे. पांढरी, म्हणून पोरं तिला व्हाइट हाऊस म्हणायची. बुटकी, ठोकळ्यासारखी, खिडक्या नावाला. रात्री-अपरात्री पोरांना तिथे नेलं जायचं, आत एक खाट, त्यावर पालथं झोपायचं, वरचा गज दोन्ही हातांनी धरायचा, तोंड उशीत. ती उशी आधीच्या पोरांच्या थुंकीनं, रक्तानं, ओकारीनं कडक झालेली असायची, वास मारायची, हे इतक्या वेगवेगळ्या म्हाताऱ्यांनी इतक्या वर्षांनंतर सांगितलंय की ती उशी माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. मारायला लांब चामड्याचा पट्टा. आधी मोठा पंखा चालू करायचे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पण मग काय झालं, की पंख्याचा आवाज आला की बाकीच्या पोरांना कळायचं आत काय चाललंय. कुणी २० खाल्ले, कुणी शंभर. ओरडलास किंवा हात सुटला की मोजणी पहिल्यापासून. कपडा कातडीत रुतायचा आणि दवाखान्यात तो चिमट्यानं ओढून काढायचे.

आणि त्या एवढ्याशा इमारतीत सुद्धा गोऱ्यांची खोली वेगळी, काळ्यांची वेगळी. पट्टा मात्र तोच.

इथे मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवतो, नाव नाही सांगत. गावाबाहेर माळावर पारध्यांची पालं होती, तिथून यायचा. पाचवीत असू आम्ही. वर्गात काही हरवलं की पहिलं दप्तर त्याचं उघडायचं, हे इतकं ठरलेलं होतं की पुढे पुढे तो स्वतःच उठून दप्तर टेबलावर नेऊन ठेवायचा, कुणी न सांगता, चेहऱ्यावर काही नाही. दप्तर कसलं, खताच्या पिशवीची शिवलेली थैली, त्यात एक पाटी, दोन वह्या आणि कधीतरी भाकरीचा तुकडा. बहुतेक वेळा काही निघायचं नाही आणि कंपास पेटी दुसऱ्याच कुणाच्या बाकाखाली सापडायची. पण एकदा निघालं. एका मुलाचं नवं शाईपेन, निळं, सोनेरी टोपणाचं. त्यानं खरंच घेतलं होतं. आणि त्या दिवशी अख्ख्या वर्गाला जो आनंद झाला ना, बघा आम्ही म्हणत होतो की नाही, तो आनंद मला अजून स्पष्ट आठवतो कारण मी पण त्यात होतो. त्याच वर्षी आम्ही सात-आठ जणांनी मिळून देशमुखांच्या बागेतल्या कैऱ्या पाडल्या होत्या, पोतंभर, माळ्यानं पकडून शाळेत आणलं होतं, आणि गुरुजी हसून म्हणाले होते, फार वांड झालीत कार्टी. वांड. आम्ही वांड होतो. तो चोर होता. पेन एक आणि कैऱ्या पोतंभर. तो दिवाळीनंतर शाळेत आला नाही आणि का आला नाही हे कुणी विचारलं पण नाही.

त्याच्या आज्याला बहुतेक इंग्रजांच्या काळात हजेरीला जावं लागत असेल. १८७१ चा तो कायदा, जन्मालाच गुन्हेगार ठरवणारा, सोलापुरात त्या काळी तारेच्या कुंपणात वसवलेल्या वस्तीला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. १९५२ ला कायदा गेला. दप्तर उघडणं माझ्या पाचवीपर्यंत तरी गेलेलं नव्हतं. मी काही फ्लोरिडा आणि आपलं गाव एकाच मापानं मोजत नाहीये, तिथलं तिथे आणि इथलं इथे, पण कुणाच्या वाट्याला 'वांड' येतं आणि कुणाच्या वाट्याला 'चोर', हे पोरगं काही करायच्या आधीच ठरलेलं असतं, एवढं तरी मला मेरियानाविषयी वाचताना ओळखीचं वाटलं.

बालपण ही गोष्ट आपण समजतो तशी सगळ्यांना फुकट मिळत नाही. द्यावी लागते मोठ्यांनी. १९३४ चा ऑक्टोबर घ्या. थॉमस वार्नाडो नावाचा १३ वर्षांचा गोरा मुलगा, कुणाच्या तरी आवारात शिरल्याच्या आरोपावरून भावासकट डोझिअरला आलेला, तो महिन्याभरातच त्या ऑक्टोबरात मेला, न्यूमोनिया म्हणून नोंद. आणि त्याच ऑक्टोबरात मेरियानाच्याच परिसरात क्लॉड नील नावाच्या काळ्या शेतमजुराला जमावानं हाल हाल करून मारलं आणि त्याचं प्रेत मेरियानाच्या कोर्टाच्या आवारातल्या झाडाला टांगलं. आधी जाहीर करून, पेपरात बातमी येऊन, बाहेरगावाहून लोक गाड्या करून बघायला आले, नंतर फोटो विकले गेले. आता विचार करा, रस्त्याच्या उत्तरेला नंबर दोनमध्ये त्या रात्री किती काळी पोरं झोपली असतील, ८ वर्षांची, १० वर्षांची. त्यांना कळलं असेलच, असल्या बातम्या भिंतीतून जातात. त्यांचे वॉर्डन, मुकादम, स्वयंपाकघरातले लोक, सगळे त्याच गावचे. पळून जायचं तर कुठे? कुंपण घालायची गरजच नव्हती, बाहेर मेरियाना होतं ना.

दहा वर्षांनी, १९४४ ला, अर्ल विल्सन. काळा, वय १२. शिक्षा म्हणून एका इवल्याशा कोठडीत बाकीच्या पोरांबरोबर कोंडलेला, पोरं त्याला स्वेटबॉक्स म्हणायची, फ्लोरिडाच्या ऑगस्टात. मी गेलो तेव्हा ऑगस्ट नव्हता तरी गाडीतून उतरलं की शर्ट पाठीला चिकटायचा, एसीतून बाहेर आल्याबरोबर चष्म्यावर वाफ धरायची. तर तिथे त्याला बरोबरच्या पोरांनी मारलं अशी नोंद आहे आणि चार पोरांना शिक्षा झाली. असेलही तसं. पण तेवढ्या खोक्यात, तेवढ्या उकाड्यात इतकी पोरं दिवसेंदिवस कोंडून ठेवली तर आत काय होईल हे कोंडणाऱ्याला कळत नव्हतं असं कोण म्हणेल? निकाल पोरांवर लागला.

काळ्या बाजूला, टेकाडावर, झाडीत एक कबरस्तान. बूट हिल म्हणायचे. तिथे पाइपचे पांढरे रंगवलेले ३१ क्रॉस, ओळीत, सारख्या अंतरावर, एकावरही नाव नाही. फोटो बघितला तर किती नीटनेटकं वाटतं. पण ते क्रॉस खूप नंतर, अंदाजानं लावलेले होते, कुठल्या क्रॉसखाली कोण आहे, किंबहुना खाली कुणी आहे का, हे कुणालाच माहीत नव्हतं. साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या एरिन किमरले या बाईंनी, हाडांवरून माणूस ओळखणं हे त्यांचं काम, त्यांनी २०१२ मध्ये जमिनीखालचं रडारनं बघायला सुरुवात केली, आणि मग परवानग्यांचं बरंच रामायण होऊन २०१३ मध्ये उकरायला घेतलं. ३१ क्रॉस होते, ५५ कबरी निघाल्या. त्यातल्या फक्त १३ त्या क्रॉसच्या आवारात. बाकीच्या बाहेर, झुडपात, रस्त्याखाली, एका मोठ्या तुतीच्या झाडाखाली. म्हणजे वर्षानुवर्षं त्या रस्त्यावरून गाड्या गेल्या, तुतीला फळं आली असतील, खाली पडली असतील, कुणी वेचून खाल्ली पण असतील. शाळेत मेलेल्यांचा आकडा शंभराच्या आसपास जातो, आणि मरून तिथे पुरलेल्यांत काळी पोरं गोऱ्यांच्या तिप्पट.

हाडांबरोबर काय निघालं? शवपेट्यांचे खिळे, गुंड्या, पट्ट्यांची बक्कलं. आणि एका मुलाच्या खिशाच्या जागी एक दगडी गोटी.

या गोटीवर मी फार वेळ अडकलो. गोटी खिशात राहिली म्हणजे मेल्यावर कुणी त्याचे खिसे बघितले नाहीत. आपल्याकडं माणूस गेला की अंगावरचं सगळं उतरवतात, आंघोळ घालतात, हे करताना घरच्या बायकांचे हात अंगावरून फिरतात, खिशातली दहाची नोट सुद्धा राहत नाही. इथे तसा हात कुणाचाच फिरला नाही. आणि दुसरं असं की गोटी खिशात होती म्हणजे त्या जागेतही तो कुठेतरी, कुणाबरोबर तरी खेळत होता. डाव अर्धा असेल. जिंकलेली असेल किंवा कुणाची ढापलेली पण असेल, काय सांगावं! ढापलेली असली तर काय, हंऽ म्हणून मी पुढे जाणार आहे का?

ओवेन स्मिथ पण त्याच टेकाडावर निघाला, गोरा असून. मेल्यावर मात्र दोन बाजू राहिल्या नाहीत, सगळे काळ्यांच्याच बाजूला. (काही जुनी पोरं म्हणायची की जिथे ताटंवाट्या वेगळ्या तिथे कबरस्तान एकच कसं असेल, गोऱ्यांचं दुसरीकडे असणार, शोधा. अजून सापडलेलं नाही.) ओवेन पळून गेला आणि त्याचा पत्ता नाही असं शाळेनं आईला कळवलं होतं, मग एका घराखाली त्याचं प्रेत सापडलं म्हणाले, घरचे पोचेपर्यंत पुरून पण झालं होतं, एक ताजी ढिगारलेली माती दाखवली आणि हा तुमचा मुलगा. आई जन्मभर म्हणत राहिली की मला पटत नाही. धाकट्या बहिणीनं आईबापाला शब्द दिला होता की मी त्याला शोधून घरी आणीन. ही बहीण पुढे पोलिसात गेली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये तिच्या डीएनएवरून ओवेनची ओळख पटली तेव्हा ती ऐंशी पार होती. सगळ्यात आधी ओळख पटलेला मुलगा तोच. त्याच्यानंतर वार्नाडो आणि अर्ल विल्सन. पक्की ओळख पटली ती अवघ्या सात जणांची, कारण जुळवायला जिवंत नातेवाईक लागतात, आणि काळ्या पोरांच्या बाबतीत कागदच इतके कमी, आडनावं चुकीची, गावं चुकीची, घरचे कधीच उत्तरेकडे निघून गेलेले. ज्याची नोंद नीट झाली नाही त्याला शोधायला कुणाच्या दारात जाणार?

गावाचं पण एक आहे. मेरियानाच्या लोकांना हे प्रकरण नकोच होतं, अजून नकोय. मला आधी राग यायचा, आता थोडा कमी येतो. एवढंसं गाव, शाळा म्हणजे सरकारी नोकरी, पेन्शन, घराघरातला कुणीतरी तिथे कामाला. रविवारी चर्चमध्ये शेजारी बसणारा काका, हसून टॉफी देणारा, तोच रात्री पंखा चालू करणारा निघाला तर बाकीच्यांनी कुठे बघायचं? ताईच्या नवऱ्याच्या ऑफिसात त्या भागातला एक जण आहे, तो म्हणतो माझ्या आजोबांच्या वेळी सगळीकडेच मारायचे. ते खरं आहे. माझ्या आईनं पण पट्टी मारलीय. पण पट्टी मारायला पंखा लावावा लागत नाही.

१९५८ मध्ये शाळेत काम केलेल्या एका मानसशास्त्रज्ञानं सिनेटच्या समितीपुढे मारहाणीचं सगळं सांगितलं होतं. काही झालं नाही. १९६८ ला गव्हर्नर क्लॉड कर्क स्वतः बघून आले आणि म्हणाले की कुणीतरी फार आधीच बोंब मारायला हवी होती. (साहेब, मारली होती की, १९०३ पासून मारत होते.) तेव्हा कुठे मारहाणीवर बंदी आली आणि दोन बाजू एक झाल्या. व्हाइट हाऊस बंद झालं पण शाळा नाही. ती थेट २०११ ला बंद पडली. शंभर वर्षांत अधूनमधून पाहणीला येणाऱ्यांची यादी काढली तर भली मोठी होईल.

मग म्हातारी झालेली पोरं बोलायला लागली. इंटरनेटवर एकानं लिहिलं, दुसऱ्यानं वाचून लिहिलं की मी पण तिथे होतो, असं करत व्हाइट हाऊस बॉइज अशी संघटनाच झाली आणि ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांच्यादेखत ती इमारत समारंभानं सील केली. पहिल्यांदा पेपरात, टीव्हीवर आलेले चेहरे बहुतेक गोरे होते. काळ्या पोरांची वेगळी संघटना नंतर उभी राहिली. म्हणजे पन्नास वर्षांनी, सत्तरी गाठून, तेच दुःख सांगायला सुद्धा दोन रांगा लागल्या. यात गोऱ्या म्हाताऱ्यांची चूक नाही, त्यांनी खाल्लेला पट्टा खराच होता. पण मला कळतं की काळ्या माणसांना उशीर का झाला असेल. गोरं पोर सांगायला लागलं की ऐकणारा 'अरेरे' पासून सुरुवात करतो. काळं पोर सांगायला लागलं की ऐकणारा 'पण तू काय केलं होतंस' पासून. आणि त्याला आधी स्वतःच्या निरपराधपणाचं सर्टिफिकेट काढावं लागतं, मग मार सांगता येतो.

म्हणून मला त्या निरागस, हुशार, काहीच न केलेल्या मुलाच्या गोष्टींची थोडी भीती वाटायला लागलीय. त्या खोट्या असतात असं नाही, अशी पोरं तिथे पुष्कळ होती. पण आपण फक्त त्यांच्यासाठीच रडायला शिकलो तर ज्यानं खरंच गाडी पळवली, खरंच पेन घेतलं, गुर्मीत उलट बोलला, मारामाऱ्या केल्या, दुसऱ्या लहान पोरांना छळलं सुद्धा, त्याचं काय? अशीही होती तिथे, भरपूर. त्यांच्यासाठी ती उशी ठीक होती का? मला उत्तर माहीत आहे आणि तरी माझं रडू तिथे जरा घुटमळतं, हे कबूल करायला हरकत नाही. स्वेटबॉक्समधल्या त्या चार पोरांची नावं शोधावी असं मला आजवर वाटलेलं नाही, अर्लचं मात्र लगेच पाठ झालं.

पुढचं थोडक्यात. २०१७ मध्ये फ्लोरिडाच्या विधिमंडळानं रीतसर माफी मागितली. २०१८ च्या मायकल चक्रीवादळानंतर साफसफाई चालू असताना जमिनीखाली आणखी २७ कबरी असाव्यात असं वाटलं, खूप गाजलं, उकरल्यावर ती झाडांची मुळं निघाली. मला बरंही वाटलं आणि विश्वासही बसेना, आणि ज्यांनी ३१ चे ५५ होताना बघितलेत त्यांना तर कसा बसावा. २०२४ मध्ये भरपाईचा कायदा झाला, २ कोटी डॉलर, डोझिअर आणि तिची ओकीचोबीची धाकटी शाखा मिळून, १९४० ते १९७५ या काळात तिथे राहिलेल्यांसाठी. तिथे होतात याचा पुरावा द्या, तुमच्यावर काय अत्याचार झाले ते लिहा, आणि मुख्य म्हणजे ३१ डिसेंबर २०२४ ला जिवंत असा. कशाबद्दल आत गेला होतात ही अट त्यात नाही. काळ्या-गोऱ्याची पण नाही, सगळ्यांना समान वाटा. म्हणजे तिथे चार महिने काढलेल्याला जेवढे तेवढेच चार वर्षं काढलेल्याला, एकदा खाल्लेल्याला जेवढे तेवढेच दहादा खाल्लेल्याला. वारसांना काही नाही. या मागणीसाठी वर्षानुवर्षं विधिमंडळात खेटे घालून जे मधल्या काळात गेले त्यांच्या बायकापोरांना पण काही नाही.

नऊशेच्या वर म्हातारे पात्र ठरले. वाटणी केल्यावर प्रत्येकाच्या हातात साधारण २१ हजार डॉलर. ताईला फोन केला तेव्हा भावोजी मागून ओरडून म्हणाले, एकवीस हजारात इकडे फार तर एक बरी सेकंडहँड गाडी येते.